नासपत्याचे बाठे

परवा शेजारच्या बंगलेवाल्याने मला एक नासपती दिली. दिली म्हणजे काय, बहाल केली. शुक्रवारी संध्याकाळी मांडव्याला बोटीतून उतरायचं, रविवारी दुपारी पुन्हा मांडवा गाठायचा आणि मधल्या दीड दिवसात आम्हा चौलकरांना बागायती शिकवायची, असा या गृहस्थाचा कार्यक्रम असतो. नारळाला मीठ घालू नका म्हणून त्याने मला एकदा सांगितलं होतं. मी चाळीस वर्षं घालतोय. मी हो म्हटलं आणि घरी येऊन पुन्हा घातलं.

तर नासपती. फोमच्या पांढऱ्या जाळीत गुंडाळलेली, वर चिकटवलेला गोल कागद. युरोपातली कित्येक पिढ्यांपूर्वीची जात म्हणे, कुठल्याशा मठाच्या बागेत जपलेली. 'हेअरलूम' हा शब्द त्याने एवढ्या वेळा वापरला की मला वाटलं हे फळाचंच नाव आहे. मग त्याने खुर्ची पुढे ओढून गुण सांगायला घेतले. पिकली तरी साल हिरवीच राहते, तेव्हा रंगावर जाऊ नका. देठापाशी अंगठ्याने हलकेच दाबा, तिथे मऊ लागलं की समजा तयार. गर रवाळ. झाडावर पिकू द्यायची नाही, उतरवून निजवायची. आणि ही आतून बाहेर पिकते, त्यामुळे एक दिवस उशीर झाला की वरून तुकतुकीत आणि आतून काळी. "एकच दिवस मिळतो आपल्याला," असं म्हणून त्याने डोळे मिटले.

मी मान डोलावली. मनात म्हटलं, अरे शहाण्या, हा धडा मला सहाव्या वर्षी तोंडपाठ होता. फक्त माझ्या धड्यातलं फळ आंबा होतं.

आमच्या वाडीत, विहिरीच्या अंगाला, एक आंबा होता. त्याला घरात नासपत्या म्हणायचे. नाव कोणी ठेवलं ते ठाऊक नाही. माझ्या लहानपणी घरातल्या एकाही माणसाने खरी नासपती डोळ्यांनी पाहिलेली नव्हती, पण नाव घेताना सगळ्यांची मान ताठ व्हायची. फळ देठाकडे निमुळतं आणि खाली ढेरपोटं. पिकलं तरी हिरवंगार. हापूसवाले आमच्याकडे आले की हा कच्चा आंबा कशाला कापलात म्हणायचे, आणि मग तोंडात घालून गप्प बसायचे. त्यांना गप्प बसलेलं बघण्यात आमच्या घराण्याचं निम्मं समाधान होतं. गर बाठ्यापाशी रव्यासारखा दाणेदार, गोडीच्या मागून किंचित तुरट. वास फक्त देठाला. बाकी आंब्याला कितीही हुंगा, काही नाही. तो यायचाही उशिरा, हापूसच्या पेट्या संपून लोकांची जीभ कंटाळली की मग. देठ ठेवून उतरवायचा, नाहीतर चिकाने साल जळायची. भाताच्या पेंढ्यात अकरा दिवस निजवायचा. बाराव्या दिवशी खायचा. तेराव्या दिवशी तो बाठ्यापासून काळा पडलेला असायचा आणि वरून अगदी साळसूद दिसायचा.

इथवर सगळं कौतुकाचं. आता आमचा करंटेपणा सांगतो.

हा आंबा आमच्याशिवाय पंचक्रोशीत कोणाकडे नव्हता, आणि कोणाकडे होऊ नये यासाठी माझे वडील जिवाचा आटापिटा करायचे. काडी, म्हणजे कलमासाठी झाडाच्या शेंड्याची फांदी, कोणालाही द्यायची नाही. काडी दिली की झाड रुसतं, असं ते सांगायचे. झाड कशाला रुसेल? रुसायचे ते आमचे वडीलच. पाहुण्याला आंबा घरात बसूनच खावा लागे, आणि तो हात धुवायला उठला की वडील ताटातले बाठे मोजत. पाच आंबे कापले तर पाच बाठे परत आले पाहिजेत. मग ते बाठे न्हाणीतल्या चुलीवर तपेल्यात घालून तासभर उकळायचे, म्हणजे उकिरड्यावरसुद्धा रुजायला नकोत. मुंजीला, बारशाला, सोयरिकीच्या बैठकीलासुद्धा हा सोहळा व्हायचा. एकदा एका वृद्ध पाहुण्याने बाठा चुकून धोतराच्या सोग्यात गुंडाळला, चोखायला म्हणून, तर वडिलांनी त्याला फाटकापासून परत बोलावलं.

आणि गंमत अशी की हे सगळं निव्वळ येडपटपणाचं होतं. बाठ्यापासून आलेलं आंब्याचं झाड आईवर जाईलच असं नाही. बहुतेक वेळा जातच नाही. वाडीत जन्म काढलेल्या माणसाला हे कळत नसेल? कळत होतं. पण बाठे मोजले नाहीत तर आपण कोण, हा प्रश्न उरला असता.

माझी धाकटी बहीण मात्र त्या झाडावर वाढली. मी खाली बसून पुस्तकं वाचायचो, ती वर. कुठल्या फांदीवरचा आंबा कधी उतरवायचा ते वडिलांच्या आधी तिला कळे. तिचं लग्न दिवेआगरला ठरलं, नारळी-पोफळीच्या वाडीवाल्यांकडे, तेव्हा तिने आयुष्यात पहिल्यांदा वडिलांकडे काही मागितलं. दागिना नाही, साडी नाही. म्हणाली, सासरी लावायला नासपत्याची काडी द्या. आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. वडिलांनी भातावरचा हात थांबवला.

"लेक दिली तेवढं पुरे. झाड देणार नाही."

ती ताटावरून उठली नाही, रडली नाही. पुढचा भात वाढून घेतला आणि खाल्ला. आई ताकाचं भांडं घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. मी काय केलं? मी लोणचं मागितलं. त्या वेळी मी चांगला बावीस वर्षांचा घोडा होतो, मला तोंड होतं, आणि मी लोणचं मागितलं.

त्या वर्षी श्रावणात तिची पहिली मंगळागौर आमच्याकडे झाली. पूजेची पत्री आपल्याच वाडीतली हवी, हा वडिलांचा आग्रह. बाजारातली पत्री आमच्या दाराला चालत नसे. स्वतः सकाळी उठून, पावसात, डोक्यावर इरलं घेऊन त्यांनी सोळा परींची पानं गोळा केली. आघाडा, दूर्वा, बेल, रुई, आणि आंब्याची म्हणून नासपत्याच्याच शेंड्याच्या डहाळ्या, लेकीच्या पूजेला कोवळ्या बऱ्या म्हणून. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाल्यावर आईने सगळी पत्री टोपलीत भरून तळ्यावर नेली, विसर्जनाला. त्यात काही वेगळं मला दिसलं नाही. वडिलांनाही दिसलं नाही. ते तर टोपली उचलून तिच्या कमरेवर द्यायला पुढे झाले होते.

पुढे आई गेली. मग वडील गेले. वडिलांच्या तेराव्याला बहिणीने मला विहिरीपाशी गाठून विचारलं, आता देशील का दादा, काडी? आता झाडाचा मालक मी. आणि मी काय म्हणालो असेन? "बघू." वडील निदान तोंडावर नाही म्हणायचे. मी त्यांच्यापेक्षा शिकलेला, त्यामुळे माझा नकारही बुळबुळीत. ती म्हणाली, बरं. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, आणि मला वाटलं, चला, मिटलं.

मिटलं कसलं! मी तर त्या वर्षापासून बाठे उकळायला लागलो. बायको म्हणायची, अहो, गॅसवर कशाला, लोक हसतील. मी म्हणायचो, घराण्याची रीत आहे.

दरवर्षी भाऊबीजेला मात्र मी दिवेआगरला जायचो. रेवदंड्याचा पूल, मुरूड, आगरदांड्याहून फेरीबोटीने पलीकडे दिघी, की आलंच. ओवाळून घ्यायचं, जेवायचं आणि मागच्या वाडीत आंब्याच्या सावलीला खुर्ची टाकून सुपारी कातरत बसायचं. आंब्याच्या दिवसांत कधी गेलो नाही. त्या दिवसांत मला माझं झाड राखायचं असे. तर त्या सावलीत बसून मी तिच्या नवऱ्याला शहाणपण शिकवायचो. हा कसला रायवळ लावून ठेवलाय, एवढी मोक्याची जागा अडवून? पाडा आणि हापूस लावा. पानावरून मी जात ओळखतो, असंही सांगायचो. भावोजी भला माणूस. बघू, म्हणायचे, आणि आत बघायचे. आत बहीण करंज्या तळत असायची.

मग एका जूनच्या सुरुवातीला ते चक्रीवादळ आलं. आमच्याकडे दुपारपर्यंत वाडीतल्या निम्म्या पोफळी आडव्या झाल्या होत्या, आणि नासपत्या मुळासकट उपटून विहिरीच्या कठड्यावर पडला. अंगावर हिरवी फळं तशीच. काढायला आठ दिवस होते. दिवेआगरची तर वाताहतच झाली होती. फोन बंद, रस्त्यात झाडं आणि खांब. बहिणीकडची माणसं धडधाकट आहेत हे कळायला चार दिवस लागले. ते कळलं आणि मगच मला झाडाचा विचार सुचला, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

पडलेल्या झाडाच्या काड्या काही दिवस जिवंत असतात, त्यावरून कलम बांधता येतं. हे मला ऐकून ठाऊक होतं. पण हाताला ठाऊक नव्हतं. ज्या घराने कधी कोणाला काडी दिली नाही, त्या घरात काडी कापायची कशी हे कोण शिकवणार? मी जाडजूड बघून तीसेक काड्या कापल्या आणि फुलांसारख्या बादलीभर पाण्यात उभ्या करून ठेवल्या. कलमं बांधणारा माणूस तिसऱ्या दिवशी आला. त्याने एक काडी उचलली, सालीवर नख ओढलं, आणि मला विचारलं की वाडी खरंच आमचीच का. सगळ्या जुनाट, निबर निघाल्या. त्यात पाण्यात कुजलेल्या. तरी माझ्या समाधानाला त्याने दहा बांधून दिल्या. दहाही गेल्या. मी चार गावांत फिरलो, की कधीतरी वडिलांनी चुकून कोणाला काडी दिली असेल. लोक तोंडावर हसले नाहीत, पण एका म्हातारीने विचारलं, तुमच्याकडचे बाठे उकळलेले असायचे ना? व्हय, म्हटलं. मग काय, म्हणाली, आणि दाण्याची साल पाखडायला लागली.

झाड संपलं, हे मी दोन वर्षांनी स्वतःशी कबूल केलं. आपल्या हातांनी संपवलं, हे मात्र कबूल करत नव्हतो. वादळाला शिव्या देणं सोपं होतं.

त्यानंतरच्या जूनमध्ये बहिणीचा फोन आला. भाऊबीजेची वाट बघू नकोस, म्हणाली, या आठवड्यात ये, गुरुवारी. गुरुवारीच ये, शुक्रवारी नको. मला वाटलं, हिच्या घरात काही दुखणंबिखणं. गेलो. वादळानंतर भाऊबीजेलाही मी तिकडे फिरकलो नव्हतो, म्हणून आत्ता बघितलं, मागच्या वाडीत माझी नेहमीची सावलीच नव्हती. तो आंबाही वादळात बुंध्यापासून मोडून गेला होता, नुसतं खोड उरलेलं. मी आपलं म्हटलं, चला, जागा मोकळी झाली, आता तरी हापूस लावा. भावोजी या वेळी बघू म्हणाले नाहीत. ते उठून बाहेर गेले.

बहिणीने ताटली आणून ठेवली. तीन आंबे, हिरवेगार, देठाकडे निमुळते.

मी हात लावला नाही. आधी देठ हुंगला. मग कापला, आणि पहिल्या फोडीला माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेचना. साठीला आलेला माणूस, दाढीवर आंब्याचा रस, आणि हुंदके. तिन्ही आंबे मी एकट्याने खाल्ले. कोणाला विचारलंसुद्धा नाही. खाऊन झाल्यावर बाठे ताटलीच्या कडेला ओळीने मांडले आणि ताटली तिच्यापुढे सरकवली. सवय. तिने त्या तीन बाठ्यांकडे बघितलं.

"मोज की, दादा. पुरे आहेत ना?"

मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मग तिने सांगितलं. मंगळागौरीची पत्री तळ्यावर गेली, पण नासपत्याच्या डहाळ्या गेल्या नाहीत. आईने पानं खुडून त्या केळीच्या ओल्या सोपटात गुंडाळल्या आणि तिच्या पिशवीत, शालूच्या घडीखाली ठेवल्या. डहाळ्या बाबांनीच कापलेल्या, म्हणाली, एकदम बरोबर कापलेल्या. तेवढं ते काम त्यांना येत होतं. इथे आल्यावर पाचातली एक लागली. ती म्हणजे मी ज्याच्या सावलीत बसून पाडा पाडा म्हणायचो तो रायवळ.

मी विचारलं, मग मला तेराव्याला काडी का मागितलीस? तुझ्याकडे तर होतं. ती म्हणाली, काडी नको होती रे. तू हो म्हणतोस का ते बघायचं होतं.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला, की हिचं झाड तर मोडलंय, मग हे आंबे कुठले? कुठले म्हणजे, ती म्हणाली, शेजारचे. पहिलं फळ धरलं त्या वर्षापासून ज्याने मागितली त्याला काडी दिली. अकरा घरांत झाडं झाली. वादळात सात गेली, माझंही गेलं, चार उभी आहेत. इथे त्याला कोणी नासपत्या म्हणत नाही. मी चौलची म्हणून चौलवाली, आणि माझा म्हणून आंबाही चौलवाली.

"मला एक काडी मिळेल?" मी विचारलं. किती वर्षांनी, आणि किती जड गेलं, ते मलाच ठाऊक.

"माझ्याकडे झाड नाही," ती म्हणाली. "शेजारी जा. तू जा आणि तू माग."

शेजारी एक म्हातारे चाचा राहतात, उमेदीची सगळी वर्षं आखातात नोकरी करून आलेले. मी त्यांच्या फाटकात उभा राहून मागितली. आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या दारात झाड मागायला उभा होतो. आमच्या दारातून परत गेलेली सगळी माणसं मला तेव्हा आठवली. ज्याला फाटकापासून परत बोलावलं तो धोतरवाला म्हातारा तर स्पष्ट दिसला. चाचांनी मी कोण, कुठला, काही विचारलं नाही. स्टूल आणलं, वर चढून डोळे, म्हणजे कोंब, फुगलेल्या सहा काड्या निवडून कापल्या, पानं खुडली, केळीचं सोपट भिजवून त्यात गुंडाळल्या. पाण्यात ठेवू नका, म्हणाले. मी म्हटलं, नाही ठेवणार.

"आणखी एक," ते म्हणाले. "उद्या तुमच्याकडे कोणी मागायला आला तर नाही म्हणायचं न्हाय. आमच्या ताईंनी देताना एवढंच सांगितलं होतं."

कोण ताई, ते त्यांना सांगायची मला छाती झाली नाही. सहातल्या दोन लागल्या. विहिरीपाशी, जुन्या खड्ड्याच्या जरा बाजूला लावल्यात, आता माझ्या खांद्याला आल्या आहेत.

हे सगळं आठवलं ते त्या नासपतीमुळे. बंगलेवाल्याचं प्रवचन संपलं तेव्हा मी, राहवेना म्हणून, बोलून गेलो की असला आंबा आमच्याकडे आहे. साल हिरवी, रवाळ गर, आतून पिकतो, सगळं तेच. झालं. त्याचे डोळे लकाकले. विहिरीपाशी जाऊन फोटो काढले, पानं हुंगली आणि म्हणाला, काका, एक काडी द्याल? माझ्या बंगल्यात लावतो.

म्हणजे बघा. अख्ख्या रायगड जिल्ह्यातून पहिला मागणारा आला तो हा! नारळाला मीठ घालू नका म्हणणारा. हा उद्या त्याला गोल कागद चिकटवणार आणि दीड दिवसाच्या पाहुण्यांना डोळे मिटून माहिती सांगणार. 'बघू' अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. मी आत जाऊन बहिणीला फोन लावला आणि विचारलं, असल्या माणसांनाही द्यायची असते का? ती म्हणाली, आधी दे, मग मला फोन कर.

बाहेर आलो. कलम लहान, शेंडे मोजकेच, तरी त्यातला चांगला बघून कापला. पानं खुडली, सोपटात गुंडाळला, पाण्यात ठेवू नका म्हणून बजावलं. त्याने दोन्ही हातांनी घेतला, हे त्याच्या बाजूने लिहायला हवं. मग खिशातून फोन काढला आणि विचारलं, या जातीचं नाव काय लिहू?

"चौलवाली," मी म्हणालो.

चौलचंच नाव का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आमच्या घरातल्या एका मुलीचं नाव आहे ते, झाड मात्र आम्ही तिला दिलं नव्हतं.